कप्प्यांसकट घर

कॉम्प्युटरमध्ये चित्रं भराभर हलवणारं नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दुकानाचा माणूस गेला आणि पाच मिनिटांत ऑपरेटरबाईंनी त्याचा उद्धार केला. त्याचा, त्याच्या दुकानाचा, कार्ड बनवणाऱ्यांचा, आणि वाढदिवसाची भेट म्हणून ते पाठवणाऱ्या स्वतःच्या लेकीचासुद्धा. कारण पडद्यावरचं घर कालच्यासारखंच रुतून बसलं होतं. कीबोर्डवरचा बाण दाबला की दार अर्धं उघडायचं आणि थांबायचं. मग इतका वेळ काहीच नाही, की बाई उठून गॅसवरचं दूध बघून यायच्या. येऊन बघावं तर दार अजून अर्धंच.

अडुसष्टाव्या वर्षी बाईंना हे कार्ड कशाला हवं होतं, ते आधी सांगितलेलं बरं. नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारी गेम खेळते. लेकीलाही आधी तसंच वाटलं. काय पाठवू म्हणून तिनं फोनवर विचारलं, तर आईनं एका कागदावरून कार्डाचं नाव आकड्यांसकट वाचून दाखवलं. लेक हसली आणि मग हळूच म्हणाली, पाठवते. असा कागद कोण लिहून ठेवणार, हे तिला कळलं होतं.

कागद बाईंच्या नवऱ्याचा. हा माणूस यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, आणि यंत्राच्या कुठल्याही भागात अर्ध्या सुताचा फरक असला तरी हा तो परत पाठवायचा, म्हणून कारखान्यात त्याचं नावच सूतभाऊ पडलं. मापात पक्का आणि बोलण्यात पार मुखदुर्बळ. दिवसाला दहा शब्द त्याला पुरायचे, त्यातले चार 'हं' असायचे. आणि बायको कोण, तर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरची ऑपरेटर! दिवसभर कानाला फोन, तोंडाला विश्रांती नाही. घरी आल्यावर मात्र भिंतीशी बोलावं लागायचं. "माझ्या नशिबी दोन बोर्ड," त्या म्हणायच्या, "एक बोलतो तो हॉस्पिटलात, आणि एक घरी आहे तो नुसता ऐकतो."

दोघांनी तेहतीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली. निवृत्तीनंतर ती सोडायची होती आणि मग पाडली जाणार होती. शेवटचे चार महिने सूतभाऊ हातात टेप आणि बारीक मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन घरभर रांगत होते. भिंती, चौकटी, बिजागऱ्या, सगळं मोजून वहीत. नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी ते घर कॉम्प्युटरवर उभं करायला घेतलं आणि दहा वर्षं तेच केलं. बाईंना मधूनमधून एखादं स्थिर चित्र दाखवायचे. खिडकी. मोरी. जिन्याचा कठडा. एकदा म्हणाले, "हा कॉम्प्युटर जुना झालाय. नवं कार्ड आलं की तुला दारातून ओट्यापर्यंत चालत नेतो." सूतभाऊंच्या हिशेबानं हे भाषणच झालं. मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. घर कॉम्प्युटरमध्ये राहिलं, क्वार्टरच्या जागी रस्ता झाला, आणि दारातून ओट्यापर्यंतची अकरा पावलं तेवढी चालायची राहून गेली. बाईंना दुसरं काही नको होतं. ती अकरा पावलं हवी होती.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या इमारतीत जिन्याखाली दुकान थाटलेली दुरुस्तीवाली आली. चाळिशीची, बारीक कापलेले केस, खांद्याला पिशवी, आणि जिभेला हाड नाही. आल्या आल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे डोकं घातलं आणि तिथूनच ओरडली, "काकू, मॉनिटरची वायर कुणी लावली?"

"मी लावली. तो दुकानाचा ठोंब्या डोकं खाजवत उभा होता. म्हटलं, सर बाजूला."

"चुकीच्या भोकात लावलीत."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुणी? मी? अगं, तीस वर्षं भोकात प्लग खुपसून पगार घेतलाय मी!"

"असेल. पण ही वायर नव्या कार्डाच्या पाठीत जायला हवी. तुम्ही लावलीत जुन्याच जागी. म्हणजे नवा गडी कामावर ठेवलात आणि ओझं अजून म्हाताऱ्याच्याच डोक्यावर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा!  तीस वर्षांत बाईंच्या हातून अशी एकच चूक झाली होती. प्रसूतीच्या वॉर्डाचा फोन त्यांनी शवागाराला जोडला होता, आणि ती चूक त्यांनी आजवर कुणाला कळू दिली नव्हती. ही दुसरी मात्र आता जिन्याखालच्या दुकानात वर्षभर सांगितली जाणार होती.

वायर हलवली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. दाराच्या पिवळ्या रंगाखालचा जुना हिरवा रंगसुद्धा कडेला दिसायला लागला. बाईंनी अधीर होऊन बाण दाबला. दार उघडलं, पूर्ण उघडलं! आणि मग पहिलं पाऊल अर्ध्यावर लटकलं.

"थांबा, थांबा, लगेच तोंड पाडू नका," दुरुस्तीवाली म्हणाली. तिनं जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर शोधून मुळासकट काढलं, नव्याचं नीट बसवलं. मग सेटिंगची कुठलीशी पाटी उघडली आणि कपाळावर हात मारला. "काका वीज वाचवायचे का हो?"

"वाचवायचे? संडासातला दिवा मी आत असतानाच घालवायचे."

"कॉम्प्युटरलाही अर्धपोटी ठेवलाय. कमीत कमी विजेवर." तिनं ते बदलल्याबरोबर आतला पंखा जोरात फिरायला लागला. बाईंना उगाच बरं वाटलं. घरात कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतंय असं वाटलं.

पाऊल पुढे पडलं. पण एका पावलाला पाच सेकंद, कधी सात. आणि मधूनच सगळं गोठायचं. दुरुस्तीवालीनं आता कार्डाची परीक्षाच घेतली. तपासणीसाठी एक तयार चित्र असतं, त्यात जंगल, धबधबा, उडणारे पक्षी. ते लोण्यासारखं चाललं. पानन् पान हलत होतं.

"हे बघा. कार्ड धडधाकट आहे. आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो."

"मग चोर कोण?"

"काका."

बाईंना हे आवडलं नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवायची तर ती त्यांनी ठेवायची, बाहेरच्यांनी नाही.

पण दुरुस्तीवालीनं एक कळ दाबली आणि घराच्या भिंती काचेसारख्या झाल्या. नुसत्या रेघा उरल्या. भिंतींच्या जागी चार-चार रेघा आणि मधे मोकळं. पण कपाटं, कप्पे, डबे, जिथं जिथं काही बंद होतं, तिथं रेघांचा असा गुंता होता, की त्या जागा पांढऱ्याफेक पडल्या होत्या. तिनं एक डबा मोठा करून दाखवला. आत बटणं होती. तीनशे बारा बटणं, प्रत्येकाला चार भोकं, आणि काहींच्या भोकात तुटका दोरा. भिंतीवरच्या घड्याळात सगळी चाकं होती. बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूला, लाकडात गेलेल्या भागावर, आटे काढलेले होते.

"कारखान्यात बरोबर आहे हो हे. तिथं स्क्रूला आटे लागतातच," दुरुस्तीवाली म्हणाली. "पण घर दाखवायचं तर जे दिसणार नाही ते काढायचंच नसतं. कुणीच काढत नाही. कप्पा बंद आहे ना, मग आत पोकळ. इथं बिचारं कार्ड प्रत्येक पावलाला तीनशे बारा बटणं घेऊन चालतंय."

"मापात खोटं चालायचं नाही त्यांना," बाई म्हणाल्या. 

दुरुस्तीवालीनं उपाय सांगितला. मूळ घराला हात लावायचा नाही, त्याची एक नक्कल करायची आणि नकलेतलं बंद सामान काढून टाकायचं. बाई हो म्हणाल्या. दोघींनी चहा घेतला तेवढ्यात काम झालं.

आणि घर चाललं! काय सांगावं, अगदी आपण चालतो तसं चाललं. दार, मग डावीकडे चपलांची फळी, मग ती जमिनीतली एक फरशी जी नेहमी हलायची, खिडकीतून पडलेलं ऊन, आणि समोर ओटा. बाई पावलं मोजत होत्या. अकरा. बरोबर अकरा! त्यांनी टाळीच वाजवली. मागे फिरून परत आल्या, परत गेल्या. खाटेपाशी गेल्या. खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. दुरुस्तीवाली पिशवी आवरायला लागली.

मग बाईंनी ओट्याखालचा कप्पा उघडला. सूतभाऊंनी प्रत्येक कप्पा उघडेल असा केला होता. तो सुळकन उघडला, आणि आत काही नव्हतं. त्यांनी शेजारचा उघडला. मग कपाट. मग घड्याळाखालचा खण. सगळं कोरडं ठणठणीत. बाईंचा हात थांबला.

"काय झालं?"

"हे मी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "सामान टेम्पोत चढवल्यावर शेवटचं एकदा सगळे कप्पे उघडून बघितले होते, काही राहिलं का म्हणून. ते हे घर आहे. सोडलेलं. मला हे नको गं."

"अहो काकू, मग हळू चालेल."

"चालू दे हळू. मला कुठं गाडी पकडायचीय?"

दुरुस्तीवालीनं मूळ घर पुन्हा उघडलं. मनातून ती जरा खट्टू झाली असणार, सकाळभराचं काम पाण्यात. पण बाईंचा पडलेला चेहरा बघून पिशवी खाली ठेवली. "चला, काकांनी काय काय कोंबलंय ते तरी बघू," म्हणाली, आणि पुन्हा रेघांचं घर काढलं. मग दोघी जणी शेजारच्या घरात डोकावल्यासारख्या एकेक कप्पा बघत बसल्या. मूठ तुटलेली कात्री. लेकीची पट्टी, तिचं एक टोक चावलेलं. "बघ, दातसुद्धा मोजलेत मेल्यानं!" बाई खळखळून हसल्या. वर्षभरात त्या असं हसल्या नव्हत्या.

खाटेशेजारचा खण बाईंचा स्वतःचा होता. कंगवा, पिना, पाकिटं. दुरुस्तीवाली म्हणाली, "काकू, तळाशी कागद अंथरलाय ना, त्याच्या खाली काहीतरी आहे. पुठ्ठ्याचा तुकडा. सत्तावन्न बाय तीस मिलिमीटर." तिनं तो मोठा केला. "तिकीट आहे वाटतं. जुनं, रेल्वेचं. अक्षरंसुद्धा काढलीत."

बाई पडद्याकडे वाकल्या.

आता हे तिकीट काय होतं, ते त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, लेक अजून जन्मायची होती. त्या वर्षी बाईंना घरातली ती शांतता सोसवेना. भांडण असतं तर एकवेळ चाललं असतं. पण हा माणूस भांडायचाही नाही. एके दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या घरी न जाता स्टेशनवर गेल्या, बहिणीच्या गावाचं तिकीट काढलं, फक्त जाण्याचं, आणि बाकावर बसल्या. गाडी दोन तास उशिरा होती. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की घराची किल्ली आपल्या पर्समध्ये आहे, आणि हा माणूस शेजारी जाऊन किल्ली मागणार नाही, कुणाकडे पाणीही मागणार नाही, नुसता दारात उभा राहील. त्यांना त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागातच त्या घरी आल्या. तो खरंच दारात उभा होता. "उशीर झाला," एवढंच म्हणाला. त्यांनी कुलूप काढलं. तिकीट खणात कागदाखाली गेलं. फेकवलं नाही. क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते काढून जाळलं आणि समजल्या, की झालं, हे आपल्याबरोबरच संपलं.

"मोजताना सापडलं असेल," त्या पुटपुटल्या. "शेवटच्या चार महिन्यांत. आणि जिथल्या तिथं ठेवून दिलं. हूं की चूं नाही." मग दुरुस्तीवालीकडे वळून म्हणाल्या, "हे कधी काढलं, ते कळतं का गं?"

"कळतं की. काकांनी प्रत्येक वस्तूची वेगळी फाइल केलीय, नंबर घालून." तिनं यादी तारखेप्रमाणे लावली. सहा हजारांवर नावं. ती वर वर सरकत गेली आणि अगदी वरच्या ओळीवर थांबली. "हे बघा. एक नंबर."

"कशाचा एक नंबर?"

"तिकिटाचा. सगळ्यात पहिलं हेच काढलंय." तिनं तारखेवर बोट ठेवलं. "पण तारीख काहीतरी विचित्र आहे. चोवीस वर्षांपूर्वीची. दोन नंबरला बाहेरचं दार आहे, ते मात्र अकरा वर्षांपूर्वीचं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चोवीस वर्षांपूर्वी कारखान्यात ड्रॉइंगसाठी पहिला कॉम्प्युटर आला होता. सूतभाऊ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, आणि या वयात हे शिकायचं म्हणून धास्तावलेले. हात बसायला कुठलीतरी छोटी वस्तू मोजून काढा, असं शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. एवढं त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. कुठली वस्तू काढली, आणि ती फाइल पुढे घरच्या कॉम्प्युटरवर जपून आणली, ते काही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तेव्हाच माहीत होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बोर्डावरचा राहिला नाही. "कदाचित त्याच्याही आधीपासून. अगं, मी संध्याकाळी यायची ना, तर पुढे किल्ली जवळ असूनही हा माणूस रोज दारात. पाऊस असो, काही असो. मी चिडायची. म्हणायची, तुम्हाला दुसरं काम नाही का, मी काय लहान आहे? मला वाटायचं चहासाठी उभे राहतात."  त्या रडायला लागल्या, पदर तोंडाला लावून, लहान मूल रडतं तशा.   दुरुस्तीवालीनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

दुपारी ती गेली. जाताना विचारलं, "ती हलकी नक्कल ठेवू की पुसू?"

"पूस."

बाईंनी मग जेवण केलं नाही. खुर्ची पुढे ओढली आणि मूळ घर उघडलं, सगळ्या कप्प्यांसकट. दारातून आत यायला पाच सेकंद लागले, मग सात, मग कार्ड एका जागी अडूनच बसलं. बाईंनी त्याला शिवी दिली नाही. समोरच्या चित्रात घरात कुणीच नव्हतं. सूतभाऊंनी बटणांच्या भोकातला दोरा काढला होता, पण माणूस एकही काढला नव्हता.

"अहो," बाई मोठ्यानं म्हणाल्या, "विचारायचं होतंत ना. एकदा. चव्वेचाळीस वर्षांत एकदा." पंख्याचा आवाज येत राहिला. "गाडी दोन तास उशिरा होती, ते खरं. पण वेळेवर आली असती ना, तरी मी चढले नसते."

हे खरं होतं की नाही, ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण ते समोर असते, तर बाईंनी हे शपथेवर सांगितलं असतं, आणि त्यांनी 'हं' म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या असत्या.